गंभीर आणि स्थिर, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६१ वर्षांचे. सिरोसिसचं (यकृताला व्रण पडून ते कडक होण्याच्या आजाराचं) निदान होऊन दीड वर्ष झालं, दारू सहा महिन्यांपूर्वी पूर्ण सुटली. पोटात पाणी झालं होतं, ते गोळ्यांनी आटोक्यात आहे. फाईलवर 'चाइल्ड-पग बी, ८ गुण' आणि 'मेल्ड १८' असं लिहिलंय. बिलिरुबिन ३, आयएनआर १.६, क्रिएटिनीन १.२, अल्ब्युमिन २.९. एक डॉक्टर म्हणाले आजार गंभीर आहे, दुसरे म्हणाले प्रकृती स्थिर आहे. कोणाचं खरं मानायचं? पोटाच्या इतर आजारांतही असेच गुण लावतात का? आणि पुढे किती वेळ आहे, हे यातून कळतं का?

दोघांचंही खरं आहे. 'गंभीर' म्हणणाऱ्यांनी आजार किती खोल गेलाय ते सांगितलं. 'स्थिर' म्हणणाऱ्यांनी तो आज कुठल्या दिशेला चाललाय ते सांगितलं. विहिरीच्या तळाजवळच्या पायरीवर माणूस उभा आहे, पण खाली उतरत नाहीये, अशी ती अवस्था. नातेवाइकांशी बोलताना आम्ही डॉक्टर हे दोन शब्द फार सैलपणे वापरतो. त्यातून घरच्यांची जी घालमेल होते ती मी वर्षानुवर्षं ओपीडीत पाहत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. 'लिव्हर फंक्शन टेस्ट' या नावाखाली एसजीओटी आणि एसजीपीटी छापून येतात आणि घरचे सगळे त्याच दोन आकड्यांकडे डोळे लावून बसतात. हे दोन्ही पदार्थ यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात सांडतात. यकृत काम किती करतंय, हे त्यातून कळत नाही. जुन्या सिरोसिसमध्ये ते जवळपास नॉर्मल असू शकतात, कारण सांडायला पेशीच थोड्या उरलेल्या असतात. अचानक यकृत निकामी होण्याच्या आजारात तर याहून फसवा प्रकार घडतो. एसजीपीटी ३००० वरून ३०० वर येतं आणि घरच्यांना वाटतं, उतार पडला. त्याच दिवशी आयएनआर २ वरून ४ वर गेलेला असेल आणि रुग्ण गुंगीत जात असेल, तर ते उतरणं ही वाईट बातमी आहे. काम मोजायचं तर तीन गोष्टी बघायच्या: बिलिरुबिन (यकृत रक्तातली घाण बाहेर टाकतंय का), आयएनआर (रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतंय का) आणि अल्ब्युमिन (हे प्रथिन बनायला आणि कमी व्हायला आठवडे लागतात, त्यामुळे ते जुनी हकिगत सांगतं).

तुमच्या फाईलमधले गुण मुख्यतः या तिघांवर उभे आहेत. चाइल्ड आणि टर्कॉट या शल्यचिकित्सकांनी १९६४ मध्ये पहिली वर्गवारी मांडली. प्रश्न शस्त्रक्रियेचा होता: प्रवेशिका शिरेतला (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब कमी करण्याचं ऑपरेशन कोणाला झेपेल? त्यात रुग्णाचं पोषण हाही एक निकष होता. १९७३ मध्ये पग आणि सहकाऱ्यांनी पोषण काढून रक्त गोठण्याचा वेळ घातला आणि आजची चाइल्ड-पग पद्धत तयार झाली. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाचांना प्रत्येकी १ ते ३ गुण. ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी. वडिलांचे गुण असे जमतात: बिलिरुबिन ३ ला दोन, अल्ब्युमिन २.९ ला दोन, आयएनआर १.६ ला एक, गोळ्यांनी आटोक्यातलं पाणी दोन, शुद्ध स्वच्छ म्हणून एक. एकूण आठ.

या पद्धतीचा गुण असा की ती कागदपेन्सिल न लागता रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून मांडता येते. दोष असा की पाच पैकी दोन गोष्टी डॉक्टरांच्या नजरेवर आहेत. 'थोडं पाणी' आणि 'बरंच पाणी' यांतली रेघ माणसागणिक हलते. शिवाय वरच्या टोकाला तिला फरक दिसत नाही. बिलिरुबिन ४ असो वा २४, गुण तीनच. मूत्रपिंडाचा तर तिच्यात उल्लेखच नाही, आणि यकृताच्या रुग्णाचं नशीब बऱ्याचदा मूत्रपिंडावर ठरतं.

फाईलमधला दुसरा गुणांक, मेल्ड, ही उणीव भरून काढतो. २००० साली अमेरिकेतल्या चार केंद्रांतल्या २३१ रुग्णांवरून तो बनवला गेला. यकृतात जाळी बसवून दाब कमी करण्याच्या 'टिप्स' या उपचारानंतर तीन महिन्यांत कोण दगावेल, एवढाच मूळ प्रश्न होता. पुढच्याच वर्षी पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी तो इतर सिरोसिस रुग्णांनाही लागू पडतो हे दाखवलं, आणि २००२ पासून अमेरिकेत प्रत्यारोपणासाठी यकृत कोणाला आधी द्यायचं ते त्यावर ठरू लागलं. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) या तीन आकड्यांचे लॉगरिदम घेऊन हिशेब होतो, उत्तर ६ ते ४० मध्ये येतं.

तुमच्या वडिलांचा हिशेब मी करून पाहिला, १८ बरोबर आहे. आता यात एक गंमत नीट बघा, कारण फाईल वाचताना ती कामी येईल. उद्या बिलिरुबिन तसंच राहिलं आणि क्रिएटिनीन फक्त १.२ वरून १.८ झालं, तर मेल्ड जवळजवळ चार गुणांनी वाढून २१ च्या वर जातो. तेवढीच वाढ एकट्या बिलिरुबिनमुळे व्हायची तर ते ३ वरून ८ च्या पुढे जावं लागतं. डोळे पिवळे दिसले की घर घाबरतं, क्रिएटिनीनची अर्ध्याची वाढ मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही. रक्तातलं सोडियम असंच दुर्लक्षित आहे. नंतर आलेल्या मेल्ड-सोडियम सूत्रात ते घेतलं जातं. वडिलांचं सोडियम १३७ असेल तर गुण १८ च राहतात, १२८ असेल तर तेच गुण २४ च्या आसपास जातात. तुम्ही सोडियमचा आकडा लिहिलेला नाही. तो नक्की बघा.

क्रिएटिनीनबद्दल आणखी एक इशारा. ते स्नायूंतून तयार होतं. सिरोसिसमध्ये स्नायू झडतात, त्यामुळे मूत्रपिंड बिघडलेलं असूनही आकडा साधा दिसतो. स्त्रियांमध्ये स्नायू मुळात कमी, म्हणून त्यांचा आजार मेल्डमध्ये वर्षानुवर्षं कमी लेखला गेला आणि प्रतीक्षायादीत त्या मागे पडत राहिल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०२३ पासून अमेरिकेत वापरात आलेल्या मेल्ड ३.० मध्ये स्त्रियांना जादा गुण आणि अल्ब्युमिनचा समावेश करून ही चूक दुरुस्त केली आहे. एक गणित माणसांवर अन्याय करत होतं आणि ते बदलायला वीस वर्षं गेली, ही गोष्ट मला अजूनही टोचते. उलट बाजूही आहे. रक्त पातळ करायला वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर औषधामुळे वाढतो आणि मेल्ड खोटा चढतो.

मग १८ चा अर्थ काय? २००३ मध्ये प्रतीक्षायादीतल्या रुग्णांची जी आकडेवारी प्रसिद्ध झाली त्यात तीन महिन्यांतल्या मृत्यूचं प्रमाण मेल्ड १० ते १९ मध्ये ६ टक्के, २० ते २९ मध्ये सुमारे २०, ३० ते ३९ मध्ये ५० च्या थोडं वर आणि ४० किंवा अधिक असताना ७० च्या वर होतं. म्हणजे वडिलांसारखे शंभर जण घेतले तर तीन महिन्यांनी त्यांतले चौऱ्याण्णव हयात असण्याची अपेक्षा. ते सहा कोण, हे मेल्डला माहीत नसतं. तीन महिन्यांपलीकडचं त्याला विचारलेलंच नव्हतं. आणि १८ हा त्या गटाचा वरचा काठ आहे, हेही धरून चाला.

दूरचा अंदाज आकड्यांपेक्षा घटनांवरून जास्त चांगला येतो. सिरोसिस असून पोटात पाणी नाही, रक्ताची उलटी नाही, कावीळ नाही, शुद्ध ठीक, अशा रुग्णांचं सरासरी आयुष्य बारा वर्षांहून जास्त भरतं. यांतली एकही घटना घडली की गणित बदलतं आणि ती सरासरी दोन वर्षांच्या आसपास येते. एका रात्रीत यकृताच्या पेशी मेलेल्या नसतात, पण प्रवेशिका शिरेतला दाब एका उंबरठ्यापलीकडे गेलेला असतो. हा दाब (नेमकं सांगायचं तर यकृताच्या आधीच्या आणि नंतरच्या शिरांतल्या दाबाचा फरक) पाऱ्याच्या १० मिमीच्या वर गेला की अशा घटनांचा धोका सुरू होतो, १२ च्या वर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू शकतात. वडिलांना पाणी झालं होतं, म्हणजे हा उंबरठा त्यांनी ओलांडलाय. 'गंभीर' म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच असावं.

पण त्या दोन वर्षांच्या सरासरीत दारू चालू ठेवणारेही आहेत आणि सोडणारेही. कारण दूर झालं तर यकृत बरंच सावरतं. दारू सुटली, हिपॅटायटिस बी दाबून ठेवला, सी बरा केला, तर औषधांशिवाय पाणी न होणं आणि अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर यांत टिकाऊ सुधारणा होणं हे घडतं, आणि २०२१ च्या बव्हेनो परिषदेने (यकृततज्ज्ञांच्या बैठकीने) त्याला 'रिकॉम्पेन्सेशन' म्हणून रीतसर व्याख्याही दिली. बी वर्गातून ए वर्गात परतलेली माणसं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांची दारूमुक्ती ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ आहे.

इथे मला माझा मुख्य मुद्दा सांगायचाय. एका दिवसाचा आकडा फार थोडं सांगतो, दोन तारखांमधला फरक खूप काही सांगतो. पचनसंस्थेच्या जवळजवळ प्रत्येक गंभीर आजारात आम्ही हेच शिकत गेलो.

दारूमुळे यकृताला आलेली तीव्र सूज घ्या. मॅड्रे यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सूत्राचं आज वापरात असलेलं सुधारित रूप असं: प्रोथ्रॉम्बिनचा वेळ (रक्त गोठायला लागणारा वेळ) नॉर्मलपेक्षा जितके सेकंद जास्त, त्याला ४.६ ने गुणायचं, त्यात बिलिरुबिन मिळवायचं. ३२ किंवा वर म्हणजे गंभीर. पण ३२ च्या वरच्या दोघांपैकी वाचणार कोण? याचं उत्तर २००७ च्या लिल सूत्राने दिलं. त्यात सात दिवस स्टेरॉइड देऊन बिलिरुबिन किती उतरलं ते धरतात. ०.४५ च्या खाली गुण आले तर सहा महिन्यांनी सुमारे ८५ टक्के रुग्ण जिवंत होते, वर गेले तर सुमारे २५ टक्केच. पहिल्या दिवशी दोघं एकसारखे दिसत होते. म्हणून मी अशा रुग्णाच्या घरच्यांना पहिल्या दिवशी भाकीत सांगत नाही. 'आठव्या दिवशी बोलू' म्हणतो आणि आठव्या दिवशी खरोखर बसून बोलतो. गुण ०.४५ च्या वर आले तर स्टेरॉइड थांबवतो, कारण उपयोग नाही आणि जंतुसंसर्गाचा धोका मात्र वाढत राहतो.

स्वादुपिंडाच्या सुजेत तर ही शिकवण जवळजवळ नियमच झाली आहे. अमायलेझ आणि लायपेझ (स्वादुपिंडातली पाचक द्रव्यं, ती रक्तात मोजतात) निदानाला उपयोगी, तीव्रतेला शून्य. शेजारशेजारच्या दोन खाटांवर मी एकदा दोन रुग्ण पाहिले होते. एकाचं लायपेझ चार हजारांच्या वर, तो तिसऱ्या दिवशी जेवून घरी गेला. दुसऱ्याचं जेमतेम हजार, त्याला दुसऱ्या रात्री व्हेंटिलेटर लागला. रॅन्सन यांनी १९७४ मध्ये अकरा निकष दिले, त्यांतले सहा ४८ तास उलटल्यावरच पुरे होतात. घाई असेल तर बायसॅप हे पाच गोष्टींचं सोपं मोजमाप पहिल्या २४ तासांत करता येतं: रक्तातला युरिया, शुद्ध, अंगभर दाहाची लक्षणं (ताप, जोरात नाडी वगैरे), साठीच्या पुढचं वय, छातीत पाणी. पण २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाने कसोटी सरळ करून टाकली. फुप्फुस, रक्ताभिसरण किंवा मूत्रपिंड यांपैकी काही निकामी झालं का, आणि ते ४८ तासांत सावरलं का? नाहीच झालं आणि स्थानिक गुंतागुंतही नाही, तर सौम्य. झालं पण सावरलं, किंवा फक्त स्थानिक गुंतागुंत झाली, तर मध्यम. झालं आणि टिकलं, तर तीव्र. म्हणजे 'तीव्र' हा शब्द दाखल होताना वापरताच येत नाही, तो काळानेच ठरतो. पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनचा आग्रह घरचे धरतात तेव्हा मी हेच समजावतो. स्वादुपिंडाचा मेलेला भाग स्कॅनवर नीट दिसायला दोन-तीन दिवस जावे लागतात. निदान पक्कं असेल तर लवकर काढलेला फोटो खोटा दिलासा देतो.

रक्ताच्या उलटीत मात्र उलट गरज असते, तिथे लगेच ठरवावं लागतं. २००० साली आलेला ग्लासगो-ब्लॅचफर्ड गुणांक एंडोस्कोपीच्या आधीच मांडता येतो: युरिया, हिमोग्लोबिन, रक्तदाब, नाडी, डांबरासारखी काळी शौच, चक्कर येऊन पडणं, यकृत आणि हृदयाचा आजार. याचा खरा उपयोग खालच्या टोकाला आहे. ० किंवा १ गुण असेल तर रुग्णाला दाखल न करता पुढची तपासणी करता येते. मात्र सिरोसिस असलेल्या माणसाला या खालच्या टोकाचा आधार मिळत नाही, कारण यकृताच्या आजाराचे दोन गुण आधीच धरलेले असतात. वडिलांना कधीही डांबरासारखी काळी शौच झाली तर गुण मोजत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसबद्दल (आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजाराबद्दल) थोडक्यात. ट्रूलव्ह आणि विट्स यांचे १९५५ चे निकष अजून टिकून आहेत: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्तमिश्रित शौच आणि सोबत ताप, ९० च्या वर नाडी, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (रक्तातून सूज दाखवणारी तपासणी) ३० च्या वर. तिथेही निर्णायक दिवस पहिला नसतो. शिरेतून स्टेरॉइड सुरू करून तिसऱ्या दिवशी मोजतात. आठहून जास्त वेळा शौच, किंवा तीन ते आठ वेळा आणि सीआरपी (सुजेचीच दुसरी तपासणी) ४५ च्या वर, असं असेल तर मूळ अभ्यासात ८५ टक्के रुग्णांचं आतडं त्याच मुक्कामात काढावं लागलं होतं. आज दुसऱ्या फळीची औषधं आहेत, म्हणून तिसऱ्या दिवशी ती सुरू करायची, आणि शल्यचिकित्सकांना त्याच दिवशी रुग्ण दाखवून ठेवायचा. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत वाट पाहून दमलेला, सुकलेला रुग्ण ऑपरेशनला नेणं ही मी पाहिलेली सगळ्यांत टाळता येण्यासारखी चूक आहे.

पुन्हा वडिलांकडे येतो. सिरोसिसच्या स्थिर रुग्णाची घसरण बहुतेक वेळा एखाद्या धक्क्याने सुरू होते: जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पुन्हा दारू, कधी दुखण्यासाठी घेतलेली साधी वेदनाशामक गोळी. मग एकामागून एक अवयव डळमळतात. २०१३ च्या युरोपीय अभ्यासात याच्या तीन पायऱ्या केल्या. २८ दिवसांतला मृत्युदर पहिल्या पायरीवर सुमारे २२ टक्के, दुसरीवर ३२ आणि तिसरीवर ७७ होता. दुसरी आणि तिसरी यांतली दरी बघा. धक्का लवकर ओळखला तर जी लढाई जिंकता येते, ती तिसऱ्या पायरीवर बहुतेकदा हातातून गेलेली असते. म्हणून पोटात पाणी असलेला रुग्ण कोणत्याही कारणाने दाखल झाला की सुईने थोडं पाणी काढून तपासायलाच हवं. त्यात एका घनमिलिमीटरमध्ये २५० किंवा जास्त न्यूट्रोफिल (जंतुसंसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी आढळल्या तर प्रतिजैविकं त्याच तासाला. ताप नाही, पोट दुखत नाही, म्हणून ही तपासणी टाळू देऊ नका.

कुठल्याच गुणांकात नसलेली एक गोष्ट मी रोज बघतो: माणूस खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठतो का. लागोपाठ पाच वेळा उठायला-बसायला किती वेळ लागतो, हाताची पकड किती, तोल सांभाळता येतो का, यावरून यकृतरुग्णांचा अशक्तपणा मोजण्याची पद्धत आता तयार आहे. मेल्ड सारखाच असलेल्या दोन रुग्णांमध्ये ज्याच्या मांड्या झडल्यात त्याचा धोका जास्त असतो. १९७३ मध्ये पोषण हा निकष गेला, तो असा मागच्या दाराने परत आला, आणि बरं झालं. प्रथिनं कमी करू नका. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खायला द्या, यकृताचा साठा कमी असल्याने रात्रभराचा उपास त्यांच्या स्नायूंवर पडतो.

'किती वेळ आहे' याला माझं प्रामाणिक उत्तर: आजच्या आकड्यांवरून पुढचे तीन महिने बहुधा नीट जातील. त्यापुढचं दिशेवर अवलंबून आहे, आणि ती एका फाईलवरून दिसत नाही. मागच्या दीड वर्षातले सगळे रिपोर्ट काढा. एका वहीत तारीखवार बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनीन, सोडियम, अल्ब्युमिन आणि वजन लिहा. दारू सुटण्याआधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे दिसतील. मेल्ड २३ वरून १८ वर आला असेल तर तो एक रुग्ण, १२ वरून १८ वर गेला असेल तर तो दुसरा. दोघांचा सल्लाही वेगळा. मेल्ड १५ किंवा त्याहून जास्त असेल आणि पाण्यासारखी घटना होऊन गेली असेल, तर प्रत्यारोपण केंद्रात एकदा मूल्यमापन करून घेणं योग्य. ते लवकर केलं म्हणजे ऑपरेशन लगेच होतं असं नाही, सुधारणा झाली तर यादीतून बाहेरही येता येतं. उशीर झाला तर मात्र तो भरून काढता येत नाही.

दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढलं, लघवी कमी झाली, दिवसा झोप आणि रात्री जाग असं चक्र उलटलं, अक्षर बदललं, किंवा तुमच्याशी बोलताना ते शब्द शोधू लागले, तर पुढच्या भेटीची तारीख पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि वही सोबत न्या. वडिलांना पहिल्यांदाच बघणारा डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत तीच मागेल.